दख्खनी मेंढी आणि ‘सुधारणे’ची कल्पना : एक चिकित्सा

१

पुणे शहराच्या वायव्येस मुळशी तालुक्यात हिंजवडी, माण व मारुंजी ही गावे एकमेकांस लागून आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरीस या गावांच्या शेतजमिनींवर माहिती-तंत्रज्ञान उद्यानाची उभारणी सुरू झाली आणि पुढील दोन दशकांत तेथील शिवाराचे रूप पार बदलून गेले. भौगोलिक दृष्ट्या ही गावे एका सीमेवर वसलेली आहेत. त्यांच्या पश्चिमेस सह्याद्रीचा मुसळधार पावसाचा प्रदेश आहे. पूर्वेस पुणे ओलांडले की दौंड, बारामती, इंदापूर यांचा अवर्षणप्रवण मुलूख सुरू होतो. दख्खनच्या पठारावरील मेंढी या दोन प्रकारच्या मुलखांमध्ये शतकानुशतके ये-जा करीत आली. पावसाळ्यात चिखलाने तिचे खूर कुजतात, म्हणून धनगर तेव्हा कोरड्या मुलखात राहतो. दिवाळी उलटली की पीक निघालेल्या रानांच्या आणि कोकणातील चाऱ्याच्या आशेने वाडा पश्चिमेकडे सरकतो. रात्री शेतकऱ्याच्या रानात वाघर लावून मेंढरे बसवावयाची, लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य घ्यावयाचे आणि पुढच्या मुक्कामाला लागावयाचे, हा या व्यवहाराचा क्रम. शहरांच्या कडेची जी जी शिवारे बांधकामाखाली गेली तेथे हा मुक्काम अर्थातच संपला.

मेंढीच्या आनुवंशिकीशी या गोष्टीचा संबंध काय, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. आनुवंशिकी हा बीजपेशींचा विषय, आणि शिवार हा महसूल खात्याचा, अशी वाटणी सामान्यतः गृहीत धरली जाते. परंतु पाळीव प्राण्याची जनुके ही केवळ पूर्वजांकडून आलेली ठेव नसते. कोणत्या मेंढ्याला कळपात राहू दिले, कोणते कोकरू वाटेत जगले, कोणती लोकर विकली गेली, या असंख्य निर्णयांचा तो साठा असतो. ते निर्णय ज्या परिस्थितीत घेतले गेले ती परिस्थिती बदलली की साठाही बदलू लागतो. दख्खनी मेंढीविषयी जे लिहिले गेले आणि तिच्यावर जे प्रयोग झाले, त्यांची परीक्षा या दृष्टीने करणे अगत्याचे आहे. कारण त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी एक गृहीत आहे : ही मेंढी म्हणजे अद्याप कोणी न घडविलेला कच्चा माल होय आणि तिची ‘सुधारणा’ बाहेरून यावयाची आहे. हे गृहीत कितपत टिकते, हा येथे मुख्य प्रश्न आहे.

२

मेंढी माणसाळविण्याची क्रिया सुमारे साडेदहा ते अकरा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात, आजच्या तुर्कस्तानपासून इराणच्या पश्चिम डोंगररांगांपर्यंतच्या पट्ट्यात झाली. आशियाई मूफ्लॉन ही रानमेंढी तिची पूर्वज मानली जाते. रानमेंढीच्या अंगावर राठ केस असतात आणि त्यांच्याखाली मऊ लोकरीचा पातळ थर असतो. मांस व कातडे यांसाठी पाळलेल्या या प्राण्याच्या अंगी लोकरीचे प्राधान्य आले ते पुष्कळ नंतर, निवडीच्या योगाने. मेंढीच्या जनुकसंचात अडकून राहिलेल्या जुन्या विषाणूंच्या खुणांवरून २००९ मध्ये असे दाखविण्यात आले की पश्चिम आशियातून मेंढ्यांचा प्रसार एकदाच झाला नाही. आदिम स्वरूपाच्या मेंढ्या आधी पसरल्या आणि लोकरीच्या गुणाने सरस असलेल्या मेंढ्यांनी नंतर त्यांची जागा बव्हंशी घेतली.

२०१२ मध्ये जगातील ७४ जातींच्या २,८१९ मेंढ्यांची जनुकीय तुलना प्रसिद्ध झाली. तीत दख्खनी मेंढीचाही समावेश होता. या अभ्यासाचे दोन निष्कर्ष येथे महत्त्वाचे आहेत. पहिला असा की निवडीचा ठसा जनुकसंचाच्या काही विशिष्ट भागांवर स्पष्ट उमटलेला आहे. त्यांपैकी सर्वांत ठळक ठसा शिंगांच्या असण्यानसण्याशी संबंधित जनुकाच्या परिसरात आढळला. दुसरा असा की माणसाळविण्याच्या प्रक्रियेतून जाऊनही मेंढीने आपले आनुवंशिक वैविध्य मोठ्या प्रमाणात राखले आणि जातीजातींमध्ये पूर्वापार मिश्रण होत आले. बंद दाराआड, वंशावळीच्या वहीबरहुकूम वाढविलेली ‘शुद्ध’ जात ही मेंढीच्या दीर्घ इतिहासातील अगदी अलीकडची घटना आहे. इंग्लंडात रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५) याने लेस्टर मेंढीवर केलेल्या कामापासून तिला प्रतिष्ठा लाभली.

महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर मेंढीचा पुरावा ताम्रपाषाण काळापर्यंत मागे नेता येतो. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात मेंढ्या-बकऱ्यांची हाडे सापडली. उत्तर जोर्वे काळात, म्हणजे इ. स. पूर्व १००० ते ७०० च्या सुमारास, हवामान शुष्क होत गेल्याने तेथील लोक शेतीकडून अर्धभटक्या पशुपालनाकडे वळले, असा सिद्धान्त म. के. ढवळीकरांनी मांडला. हाडांच्या तुकड्यांवरून मेंढी आणि बकरी यांत भेद करणे बहुधा कठीण असते. त्यामुळे या पुराव्यातून आजच्या दख्खनी मेंढीची वंशावळ थेट काढता येत नाही. परंतु कमी पावसाच्या मुलखात लहान खुरांच्या जनावरांच्या आधाराने जगण्याची रीत येथे जुनी आहे, एवढे त्यातून निश्चित सूचित होते.

३

डार्विनने १८६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाळीव प्राणी व वनस्पती यांच्यावरील ग्रंथात मानवी निवडीचे दोन प्रकार केले : एक हेतुपूर्वक, पद्धतशीर निवड, दुसरी अजाण निवड. पहिल्या प्रकारात पैदासकारापुढे भावी रूपाचे चित्र असते. दुसऱ्यात माणूस उत्तम जनावरे राखतो व कनिष्ठ मारतो किंवा विकतो. जात बदलावी असा त्याचा हेतू नसतो, तरी ती बदलते. हा भेद उपयुक्त आहे यात शंका नाही. मात्र त्याचा उपयोग पुढे ज्या रीतीने झाला त्यात एक पक्षपात शिरला. ज्याच्याजवळ वही होती तो पैदासकार ठरला आणि ज्याच्याजवळ नव्हती तो अजाण ठरला.

धनगराची रीत पाहिली तर ही वाटणी अपुरी पडते. कळपात शेकडो माद्या असल्या तरी पैदाशीचे मेंढे मोजकेच ठेवले जातात. बाकीचे नर लहानपणीच विकले जातात. राहिलेला मेंढा कोणत्या आईचा, त्या आईला दूध किती होते, ती लांबच्या वाटेवर मागे पडत होती की काय, हे त्याला ठाऊक असते. लोकर काळी असावी, कारण काळ्या लोकरीची घोंगडी रंगवावी लागत नाही. पाय उंच व खूर कठीण असावेत, कारण वर्षातील निम्मे दिवस वाटेवर जावयाचे असतात. मेंढीने एका वेळी एकच कोकरू द्यावे, कारण चालत्या मेंढीला दोघांपुरते दूध उरत नाही. हे निकष लिहिलेले नाहीत एवढ्यावरून ते निकष नाहीत असे ठरत नाही. किंबहुना निवडीची खरी कसोटी, म्हणजे पुढील पिढीचे जनक कोण हे ठरविणे, येथे पूर्णपणे पाळली जाते. तिच्या जोडीला वाट स्वतःही निवड करते : जे कोकरू चालू शकत नाही ते राहत नाही. माणसाची निवड आणि निसर्गाची निवड यांची अशी सरमिसळ हे दख्खनी मेंढीचे वैशिष्ट्य होय. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी व कोल्हापुरी असे तिचे जे प्रकार सांगितले जातात त्यांची नावे बाजारांची व मुलखांची आहेत, कोणा पैदासकाराची नाहीत, हेही लक्षणीय आहे.

या प्रकारांची शास्त्रीय वर्णने पाहिली असता एक उणीव दृष्टीस पडते. उंची, छातीचा घेर, कानांची लांबी, रंग, वजन, लोकरीच्या तंतूची जाडी यांची कोष्टके तेथे मिळतात. दिवसाला किती मैल चालते, कोणत्या महिन्यात कोणता चारा खाते, दुष्काळात किती काळ तग धरते, यांची मोजमापे क्वचितच. जे मापणे सोपे तेच जातीचे लक्षण ठरते. याच्या उलट बाजूस गुंथर सोन्थायमर यांचा बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांवरील ग्रंथ आहे. मूळ जर्मन आवृत्ती १९७६ ची व इंग्रजी भाषांतर १९८९ चे. धनगरांच्या ओव्या, वीरचा म्हस्कोबा, खंडोबाची धनगर पत्नी बाणाई, कोरड्या मुलखातील वाटा आणि मुक्काम यांची सांगड घालून देवतांचा इतिहास लिहिण्याचे त्यांचे काम थोर आहे. धनगराचे जग पाऊसमान व चराऊ रान यांपासून वेगळे काढता येत नाही, हे त्यांनी इतर कोणाहीपेक्षा स्पष्टपणे दाखविले. परंतु त्यांच्या विवेचनात मेंढी ही त्या जगाची पार्श्वभूमी राहते. त्या जगानेच तिला घडविले हा विचार पुढे येत नाही. धर्मेतिहासकाराकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. तरी परिणाम असा झाला की पशुशास्त्राच्या पुस्तकात मेंढपाळ नाही आणि मेंढपाळाच्या पुस्तकात मेंढीचा वंश नाही. ‘सुधारणे’ची कल्पना या दोहोंमधल्या रिकाम्या जागेत वाढली.

४

स्वातंत्र्योत्तर काळात मेंढीसुधारणा म्हणजे प्रामुख्याने लोकरसुधारणा असे समीकरण रूढ झाले. १९६२ मध्ये राजस्थानात अविकानगर येथे केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था स्थापन झाली; तिच्या नावातच हे समीकरण दिसते. बारीक लोकरीच्या विदेशी जातींशी, विशेषतः मेरिनो व रॅम्बुले यांच्याशी, देशी मेंढ्यांचे संकर करण्याचे कार्यक्रम देशभर हाती घेण्यात आले. महाराष्ट्रात राहुरी येथील महात्मा फुले कृषि विद्यापीठात दख्खनी मेंढीवरही असे संकर करून पाहण्यात आले.

मेरिनोचा तंतू साधारणतः २० मायक्रॉनच्या आसपास असतो; दख्खनी मेंढीचा तंतू त्याच्या दुपटीहून जाड, पुष्कळसा पोकळ गाभ्याचा व बहुधा काळा. गिरणीच्या दृष्टीने हे तिन्ही दोषच होत. घोंगडीच्या मागावर मात्र त्यांचे मोल निराळे ठरते : राठ लोकरीची घोंगडी पाऊस बराच काळ अंगापर्यंत येऊ देत नाही, काळा रंग मळखाऊ असतो आणि धुऊन उतरत नाही. एकच लक्षण एका बाजारात दोष आणि दुसऱ्यात गुण ठरते. तेव्हा ‘सुधारणा’ हा शब्द वापरताना ती कोणाच्या मागासाठी, हे सांगणे आवश्यक होते; ते सहसा सांगितले गेले नाही.

आनुवंशिकीच्या दृष्टीनेही या संकरात एक मूलभूत अडचण होती. पहिल्या पिढीच्या संकरजात कोकरात निम्मी जनुके मेरिनोची असतात. त्यांत बारीक लोकरीची जनुके असतात, तशीच समशीतोष्ण कुरणांत संथपणे चरण्याला जुळलेली इतर असंख्य जनुकेही असतात. पुढील पिढ्यांत ती विखुरतात व नवनव्या जुळण्या होतात. त्यांपैकी हव्या त्या निवडावयाच्या तर मोठे कळप, काटेकोर नोंदी आणि दीर्घ काळ लागतो. शासकीय क्षेत्रावर बांधलेल्या चाऱ्यावर हे काही अंशी साधते; वाटेवर साधत नाही. वर्षाकाठी एका मेंढीमागे एक किलोपेक्षाही कमी लोकर देणाऱ्या जातीत लोकरीचे उत्पन्न थोडे वाढले तरी त्या मोबदल्यात मेंढपाळाने आपल्या जनावराची काटकता पणास का लावावी, हा प्रश्न उरतोच. मेंढपाळांच्या कळपांत या संकराने मूळ धरले नाही याचे कारण त्यांच्या अज्ञानात शोधण्याची आवश्यकता नाही. त्यांनी नव्या मेंढ्याची परीक्षा आपल्या निकषांनी केली आणि त्याला नापास केले, एवढेच.

५

या पार्श्वभूमीवर फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्थेचा प्रयोग वेगळा उठून दिसतो. बनविहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेने १९९० नंतरच्या काळात लोकरीचा नाद सोडून एका निराळ्या गुणाकडे लक्ष वळविले. तो गुण म्हणजे जुळी कोकरे देण्याची क्षमता.

विणीमागे मिळणाऱ्या कोकरांची संख्या हा आनुवंशिकतेचा प्रभाव अल्प असलेला गुण आहे. त्याचा आनुवंशिकता-गुणांक सामान्यतः ०.१ च्या आसपास धरला जातो. केवळ निवडीच्या बळावर त्यात प्रगती करावयाची तर दशके लागतात. परंतु बंगालच्या सुंदरबन भागातील गारोळ या चिमुकल्या मेंढीत हा गुण एका प्रभावी जनुकभेदामुळे येतो. या जनुकभेदाची हकीकत उद्बोधक आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात ‘बूरूला’ नावाच्या शेतावरील मेरिनो मेंढ्या असाधारण संख्येने कोकरे देतात हे विसाव्या शतकाच्या मध्यास लक्षात आले. १९८० च्या सुमारास त्यामागे एकच जनुक असल्याचे अनुमान झाले. २००१ मध्ये सहाव्या गुणसूत्रावरील एका ग्राही प्रथिनाच्या जनुकात त्याचे नेमके स्थान सापडले. त्या प्रथिनाच्या २४९ व्या स्थानी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन येते, एवढाच तो फरक. २००२ मध्ये हाच फरक गारोळ मेंढीत असल्याचे प्रसिद्ध झाले. १७९२ व १७९३ मध्ये कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियात मेंढ्या नेण्यात आल्या होत्या. त्यांच्याबरोबर हा जनुकभेद तेथे गेला असावा, हे आधीच मांडलेले अनुमान त्यामुळे बळकट झाले.

जनुकाला नाव मिळाले ते ऑस्ट्रेलियातील शेताचे. ज्या बंगाली पशुपालकांनी दलदलीत चरणारी, जुळी-तिळी देणारी ही मेंढी पिढ्यान्पिढ्या राखली त्यांचे नाव त्यास लागले नाही. ‘पैदासकार कोण’ या प्रश्नाचे उत्तर शास्त्राची परिभाषा कशी देते याचे याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

फलटणच्या कामाचे महत्त्व त्याच्या रीतीत आहे. गारोळ मेंढी वजनाने जेमतेम १०–१५ किलोची. दख्खनीशी तिचा साधा संकर केला तर संततीचा आकार घटतो व बाजारभाव पडतो. म्हणून संकरजात संततीचा पुन्हा पुन्हा दख्खनीशी संयोग करून दर पिढीत गारोळचा वाटा निम्म्याने कमी करावयाचा आणि केवळ तो एक जनुकभेद राखावयाचा, असे धोरण ठरले. कोणत्या कोकरात तो आहे हे ओळखण्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने डी.एन.ए. चाचणी उपयोगात आणली गेली. ऑस्ट्रेलियातील संस्थांचेही साहाय्य होते. ‘नारी सुवर्णा’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या वाणात दख्खनीबरोबर बन्नूर व इस्रायलमधील अवासी यांचेही रक्त आहे. मेंढपाळांच्या स्वतःच्या कळपांत हे मेंढे देऊन परिणाम मोजण्यात आले. जनुकभेदाची एक प्रत असलेल्या मेंढीपासून विणीमागे साधारणतः ०.४ ते ०.५ कोकरू अधिक मिळते असे आढळले. डॉ. चंदा निंबकर यांच्या अभ्यासातून हे निष्कर्ष पुढे आले.

मेरिनो परका आणि गारोळ देशी, म्हणून एक प्रयोग फसला व दुसरा साधला, असा सोपा निष्कर्ष येथे काढता येणार नाही. सुंदरबनची दलदल माणदेशाला परकीच आहे. भेद निराळा आहे : पहिल्या प्रयोगाने जुन्या घडणीची जागा घेऊ पाहिली, दुसऱ्याने ती घडण मान्य करून तीत एक अक्षर बदलले. पहिल्याची परीक्षा गिरणीत झाली, दुसऱ्याची मेंढपाळाच्या वाड्यावर.

तथापि या यशालाही मर्यादा आहेत. ‘मेंढीने एकच कोकरू द्यावे’ हा जुना निकष निष्कारण नव्हता. जुळी कोकरे म्हणजे अधिक दूध, अधिक चारा, अधिक राखण. कळप चरावयास गेल्यावर लहान कोकरे वाड्यावर राहतात आणि त्यांची निगा बहुधा स्त्रिया घेतात. जनुकाचा लाभ कळपाच्या मालकाच्या हिशेबात दिसतो. त्याचा भार कोणत्या हातांवर पडतो हे तितक्या सहज दिसत नाही. चारा बांधावर मिळणाऱ्या बागायती गावात जुळे हे वरदान ठरेल. दुष्काळी वाटेवर तेच आईच्या जिवावर येऊ शकते. गुण हा जनावरात असतो तितकाच तो परिस्थितीत असतो, हे तत्त्व येथेही लागू पडते. शिवाय मोजक्या मेंढ्यांपासून वाण पसरविताना रक्तसंबंध वाढण्याचा धोका असतो. एका जनुकावर सर्व लक्ष एकवटल्यास बाकीचा संच दुर्लक्षित राहतो.

६

दरम्यान दख्खनी मेंढीवरील सर्वांत मोठा प्रयोग कोणत्याही संस्थेबाहेर चालू आहे. घोंगडीचा खप घटला. कातरणीचा खर्च लोकरीच्या किमतीतून निघेनासा झाला. सनगर व खुटेकर विणकरांचे माग कमी होत गेले. मांसाला मात्र भाव आहे. परिणामी मेंढपाळाने आपला निकष बदलला. तेलंगण व आंध्रच्या काही भागांत बिनलोकरीची नेल्लोर मेंढी दख्खनीच्या जागी आली. महाराष्ट्राच्या दक्षिण भागात जत तालुक्यातील माडग्याळ मेंढीकडे ओढा वाढला. उंच, पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांची, पोपटाच्या चोचीसारख्या बाकदार नाकाची ही मेंढी लवकर वजन धरते. त्या नाकालाच आता स्वतंत्र किंमत आली आहे. २०२० मध्ये आटपाडीच्या बाजारात अशा एका मेंढ्यास ७० लाख रुपयांची मागणी आल्याचे वृत्तपत्रांनी छापले. ज्या लक्षणाचा चालण्याशी, दुधाशी वा मांसाशी उघड संबंध नाही त्याची अशी निवड होऊ लागणे हे बेकवेलच्या काळातील प्रदर्शनी जनावरांची आठवण करून देणारे आहे. तेव्हा मेंढपाळाची निवड नेहमीच शहाणपणाची असते असा भाबडा समजही सोडला पाहिजे. तो बाजाराला उत्तर देतो. बाजार बदलला की उत्तर बदलते.

२०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्यांची नोंद झाली. आकडा धीर देणारा वाटतो. परंतु संख्या टिकणे आणि घडण टिकणे या दोन भिन्न गोष्टी होत. काळी, राठ लोकरीची, लांब चालणारी मेंढी हळूहळू विरून जाईल आणि तरीही नोंदवहीत ‘दख्खनी’ हे नाव कायम राहील, असे घडू शकते. गोठविलेल्या वीर्याच्या कुप्यांत तिची जनुके राखता येतील, आणि ती राखलीच पाहिजेत. परंतु कुपीतील जनुकाची परीक्षा घेणारी वाट तेथे नसते. ज्या निवडीने ते जनुक कळपात टिकले ती निवड थांबली की ते केवळ संग्रहातील वस्तू होते.

सारांश, दख्खनी मेंढी ही सुधारणेची वाट पाहत असलेली मूळ प्रकृती नव्हे. ती स्वतःच एका दीर्घ सुधारणेचे फळ आहे. त्या सुधारणेचे शास्त्र लिहिलेले नसल्याने ते शास्त्र नव्हते असे मानले गेले, आणि या गैरसमजाची किंमत अर्धशतकाच्या लोकरविषयक प्रयोगांनी मोजली. फलटणच्या कामाने त्यातून बाहेर पडण्याची एक वाट दाखविली : आधी घडण वाचावी, मग तीत हात घालावा. पुढील संशोधनाला यापलीकडे जावे लागेल. जनुकांच्या कोष्टकाशेजारी वाटांचे, मुक्कामांचे आणि मेंढा निवडण्याच्या रीतींचे कोष्टक मांडावे लागेल, आणि तेही त्या रीती जाणणारी पिढी हयात आहे तोवरच. पुण्याच्या पूर्वेकडील माळांवर आणि पश्चिमेकडील हिंजवडी-माणच्या शिवारात फार अंतर नाही. परंतु त्या अंतरात मेंढी कशी घडली हे ज्यांनी पायांनी जाणले, त्यांना जातीचे कर्ते म्हणून संशोधनाच्या पानावर स्थान मिळाले नाही, तर उद्याच्या सुधारकापुढे केवळ नाव उरेल.